कडुनिंबाखालचं लग्न आणि मिरचीचं माहेर

"काकू, ऐकलंत का? मेक्सिकोच्या राजदूताने दिल्लीत बंगल्याच्या आवारात कडुनिंबाखाली लग्न केलं!"

"कधी? पेपरात नाही आलं गं."

"आत्ता नव्हे हो. साठच्या दशकात."

"मग ही बातमी शिळी. पण आता सुरू केलंयस तर सांग. मी तोवर वाल सोलते. मुलगी कुठली?"

"फ्रेंच. मारी-जोझे नाव. आणि दिल्लीत यांची ओळख झाली तेव्हा ती एका फ्रेंच मुत्सद्द्याची बायको होती."

"अगो बाई! आणि हा ब्रह्मचारी?"

"छे! याचंही एक लग्न होऊन मोडलं होतं. एलेना गार्रो म्हणून, ती स्वतः मोठी लेखिका. तर दिल्लीत ओळख झाली, मग दोघांची ताटातूट, पुढे पॅरिसमध्ये रस्त्यात अचानक गाठ पडली आणि पुन्हा दिल्ली. या बाईबरोबर मात्र जन्मभर टिकलं. ऑक्टाव्हियो पाझ त्याचं नाव. 1990चं नोबेल त्यालाच मिळालं."

"राजदूताला नोबेल?"

"राजदूत पोटापाण्यासाठी. मूळचा कवी. तिकडे लॅटिन अमेरिकेत जुनी रीतच आहे, कवी दिसला की त्याला वकिलातीत चिकटवायचा. आपण कसं रेडिओवर नाहीतर कॉलेजात चिकटवतो, तसं."

"बरं आहे. पगार परदेशी चलनात."

"पण काकू, मला त्याच्या लग्नापेक्षा दुसरंच सांगायचंय. हा माणूस 1951 साली पहिल्यांदा मुंबईला उतरला, बोटीने. पॅरिस सोडायचं मनात नव्हतं, पण वरून हुकूम आला. मेक्सिकोची दिल्लीत नवी वकिलात उघडायची होती. तेव्हा काही महिनेच राहिला, मग जपानला बदली. पुन्हा आला तो 1962 साली, राजदूत होऊन, आणि सहा वर्षं राहिला. आणि या सगळ्यावर पुस्तक लिहिलं ते 1995 साली, ऐंशी उलटल्यावर. इंदिराबाईंनी त्याला नेहरू व्याख्यानाला बोलावलं होतं, पण तो जपानात असतानाच त्यांच्या हत्येची बातमी आली. पुढच्या वर्षी राजीव गांधींनी पुन्हा बोलावलं, तेव्हा येऊन बोलला. त्या व्याख्यानातून ते पुस्तक निघालं. परका माणूस आपल्याकडे राहून काय पाहतो, ते त्यात सापडतं. आणि काय पाहत नाही, तेही."

"आमच्या धाकटीला विचार. कित्येक वर्षं न्यू जर्सीत आहे. तिथल्या लोकांचं काय कळलं म्हटलं तर सांगते, आई, आमच्या गल्लीत सगळे गुजराती आणि तेलुगू आहेत. अमेरिकन माणूस फक्त बर्फ काढायला येतो."

"तेच तर! नुसतं राहून काही दिसत नाही. याचं ऐका ना. पहिल्या दिवशी ताजमहाल हॉटेलात उतरला. सामान टाकलं आणि भर उन्हात निघाला भटकायला. गर्दी, गाई, रंग, घाण, अत्तरं, सगळं एकदम अंगावर आलं. लिहिलंय फार छान, त्यात वाद नाही. पण त्या ताजबद्दल त्याला कुणीतरी थाप मारली, ती ऐका. म्हणे आराखडा पॅरिसहून आला आणि इथल्या मिस्तऱ्यांनी तो उलटा वाचला, म्हणून हॉटेलाची पाठ समुद्राकडे!"

"ही थाप माझ्या सासऱ्यांनीसुद्धा मला मारली होती. त्यांच्या थापेत गोरा साहेब होता, आणि इमारत उलटी झालेली बघून त्याने जीव दिला."

"तीच, दुसऱ्या आवृत्तीतली. पाझ बिचारा त्या थापेवर केवढा इमला चढवतो! म्हणतो, ही चूक नुसती चूक नव्हे, हे मनातलं काहीतरी आहे. इमारतीने युरोपाकडे पाठ फिरवली आणि हिंदुस्थानाकडे तोंड केलं. वाचताना वाटतं, वा! आणि खरं काय? तो आराखडा केला सीताराम खंडेराव वैद्यांनी आणि डी. एन. मिर्झांनी. पुढे काम पुरं केलं चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. 1903 साली हॉटेल उघडलं तेव्हा मुख्य दार शहराकडेच ठेवलेलं होतं. समोर गेटवे तरी कुठे होता तेव्हा? तो 1924 साली पुरा झाला."

"वैद्य? म्हणजे आपलाच की गं कुणीतरी!"

"आपलाच. आणि त्यांनाच पॅरिसचा आराखडा उलटा वाचणारे मिस्तरी करून टाकलं. नव्या गावात पाऊल टाकलं की गावकरी पहिल्यांदा थापा मारतात, हे काही कुणी कवींना सांगत नाही. आपल्या मांडव्याच्या धक्क्यावर पर्यटकांना काय काय सांगतात, ठाऊक आहे ना? कुलाब्याच्या किल्ल्यातून जंजिऱ्यापर्यंत भुयार आहे म्हणे!"

"ते खरं आहे पण."

"काकू!"

"बरं, राहू दे. पुढे?"

"पुढे हा माणूस सुधारतो. आणि का सुधारतो, ते मला फार आवडलं. तो युरोपियन नव्हता ना! मेक्सिकन. त्यांच्याकडे 1519 साली स्पॅनिश आले, सगळी देवळं पाडली, वर चर्च बांधली, जुने देव गाडले. त्यामुळे इथे आल्यावर त्याला पहिलं नवल वाटतं ते देवळात गर्दी आहे याचं. त्याच्या देशातले देव म्युझियममध्ये बसलेले आणि इथले नैवेद्य खातायत! इंग्रज माणूस आपल्याकडे बघून म्हणायचा, हे मागासलेले. फ्रेंच म्हणायचा, हे गूढ. हा म्हणतो, आमचं असं झालं, यांचं तसं का नाही झालं? हा प्रश्न आपल्याला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता."

"विचारेल कशाला? ज्याचं घर जळलंय तोच दुसऱ्याचं शाबूत घर निरखून बघतो."

"आणि स्वयंपाकघरातही शिरला तो. आपला रस्सा आणि त्यांचं मोले शेजारी शेजारी ठेवून बघितलं. मोले म्हणजे त्यांच्या पुएब्ला गावाकडचं कालवण. मिरच्या भाजून, वाटून, त्यात मसाले, दाणे, तीळ, थोडा कोको सुद्धा. रंग अगदी आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यासारखा. तर तो म्हणतो, दोन्हीकडे तिखटाचा सारखाच सोस, आणि मिरची तर मूळ आमची."

"त्यांची? मिरची?"

"हो! मिरचीचं माहेर मेक्सिको. पोर्तुगीजांच्या जहाजातून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, गोव्यातून वर चढली."

"आणि आमच्या पणज्यांच्या पणज्या काय घालायच्या मग?"

"मिरी, पिंपळी, आलं. शिवाय एकटी मिरची नाही, मका त्यांचा, चिकू त्यांचा. पेरू, सीताफळ, टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. घोलवडच्या बागाईतदाराला सांगा, तुमचा चिकू परदेशी, काठी घेऊन मागे लागेल."

"मी पण लागेन. आणि आता झेंडू तुमचा म्हणू नकोस म्हणजे झालं."

"झेंडूसुद्धा."

"गप गं!"

"खरंच. आपण दसऱ्याला तोरण करतो तोच. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो, तेव्हा याच पिवळ्याधमक फुलांची वाट घालतात दारापासून, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. ही झेंडूची जोडणी माझी हं, पाझच्या नावावर खपवू नका. पण त्याने एक गोष्ट सांगितलीय ती याहून भारी आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानातली एक मुलगी पोर्तुगीजांनी पळवली, मनिलाला गुलाम म्हणून विकली आणि तिथून जहाजातून मेक्सिकोला नेली. पुएब्लात राहिली. लोक तिला साध्वी मानायला लागले. कातारिना दे सान हुआन हे बाप्तिस्म्याचं नाव. 1688 साली वारली. तिकडच्या बायकांचा तो प्रसिद्ध भरजरी घागरा आहे ना, त्याचा धागा लोक या बाईशी जोडतात. खरंखोटं देव जाणे."

"पोरगी कुणाची होती, कुठल्या गावची?"

"मोगलांकडची राजकन्या म्हणायचे. विकलेल्या प्रत्येक मुलीला नंतर राजकन्या करतात."

"हं. जिवंतपणी मात्र कुणी करत नाही."

"आता दुसरा कवी सांगते. याच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध. पाब्लो नेरुदा, चिलीचा."

"हा ऐकलाय. प्रेमाच्या कविता."

"तोच. तेविसाव्या वर्षी, 1927 साली, त्याला रंगूनला कॉन्सल म्हणून पाठवलं. रंगून कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मंत्र्याच्या कचेरीत जुना पृथ्वीगोल होता, त्यावर आशियाच्या त्या भागात नेमका पोचा आलेला, त्या पोच्यात रंगून सापडलं म्हणे. आणि काम काय? तीन-तीन महिन्यांनी कलकत्त्याकडून बोट यायची, तिच्यात चिलीला जाणारं मेण आणि चहाच्या पेट्या. त्या कागदांवर शिक्के मारायचे. मिळकत त्या शिक्क्यांवर. बाकी दिवसभर काही नाही."

"तरुण पोरगा, हातात काम नाही, परमुलूख. झालं, बाई आलीच म्हणायची."

"आली. ब्रह्मी बाई. जोसी ब्लिस हे तिचं इंग्रजी नाव, खरं नाव त्याने सांगितलंच नाही. याला पत्र आलं तरी तिचा जळफळाट. रात्री पांढऱ्या कपड्यात, हातात सुरी घेऊन मच्छरदाणीभोवती फिरायची. एके दिवशी याला सिलोनला बदलीचा हुकूम आला, तो तिला न सांगता गुपचूप बोटीत बसला."

"पळपुटा."

"ती मागोमाग कोलंबोला आली! पाठीवर तांदळाचं पोतं, कारण रंगूनशिवाय दुसरीकडे तांदूळ पिकत नाही अशी तिची समजूत. आणि पॉल रोबसनच्या रेकॉर्डी, दोघांच्या आवडत्या. समोरच्या घरात बिऱ्हाड केलं आणि याच्याकडे येणाऱ्या पोरींवर धावून जायची. शेवटी कंटाळून परत गेली."

"बाई गं. त्या पोत्याचं वाईट वाटतं मला."

"मलाही. पण बघा, पाच वर्षं हा माणूस आशियात होता, रंगून, कोलंबो, जावा. काँग्रेसच्या 1928 सालच्या कलकत्ता अधिवेशनालासुद्धा हजर. इंग्रजांच्या क्लबात याला सांगितलं की घोडागाडीत बसू नका, इराण्याकडे चहाला जाऊ नका, साहेबाला शोभत नाही. तर याने क्लबच सोडला! इथपर्यंत शाबास. पण मग हा ना साहेबात ना आपल्यात. भाषा येत नाही, बोलायला माणूस नाही, घरात एक मुंगूस पाळलेलं. त्या एकटेपणातून ज्या कविता आल्या त्या स्पॅनिशमधल्या थोर कविता मानतात. मी भाषांतरात वाचल्या. जबरदस्त आहेत. पण त्यांत रंगून शोधायला जाल तर हाती लागत नाही. दमट हवा, कुजणारी फळं, झोप न येणारा माणूस. लोक नाहीत. बौद्ध धर्म, योग असल्या गोष्टींची तर तो टरच उडवतो. युरोपातल्या अस्वस्थ लोकांचे चोचले म्हणतो."

"त्यात अगदीच चूक नाही त्याचं."

"नाही चूक. पण काकू, आता सांगते ते वाईट आहे. कोलंबोच्या घरी मैला उचलायला एक तमिळ बाई यायची. मुकाट यायची, डबा उचलून मुकाट जायची. याने तिच्यासाठी फळं, रेशीम असं काही ठेवून बघितलं, तिने ढुंकून पाहिलं नाही. एक दिवस याने तिला मनगटाला धरून आत नेलं. तिची इच्छा नव्हती. ती डोळे उघडे ठेवून दगडासारखी होती. हे सगळं त्याने आपल्या आठवणींत स्वतः लिहिलंय, तिने तिरस्कार केला ते बरोबरच होतं असंही लिहिलंय. पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1974 साली आलं."

"..."

"वाल टाकलेत खाली."

"पडू देत. आणि लोक काय म्हणाले?"

"चाळीस वर्षं फारसं काही नाही. मग 2018 साली सांतियागोच्या विमानतळाला त्याचं नाव द्यायचा घाट घातला, तेव्हा चिलीतल्या बायका उठल्या. म्हणाल्या, नाव देऊन बघाच."

"छान केलं. त्या बाईचं नाव?"

"नाही. जोसीचं निदान खोटं तरी नाव आहे, हिचं तेवढंही नाही."

"म्हणजे गोऱ्यांच्या क्लबात जायचं नाही एवढं कळलं, आणि घरात येणाऱ्या बाईला माणूस समजायचं ते नाही कळलं. आपल्याकडचे पुष्कळ असेच होते म्हणा. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत एवढंच."

"बरोबर बोललात. आणि इथेच मला पाझशीही भांडायचंय. त्याने जातीवर पुष्कळ पानं लिहिलीत. अभ्यास करून, चांगली. पण ती वाचनातून आलेली आहेत. पृथ्वीराज रोडवरचा राजदूताचा बंगला, बाग, मांजरं, कडुनिंब. फाटकाच्या आत येणारी माणसं कोण? मंत्री, चित्रकार, कवी. हिंदी येत नव्हती, संस्कृतही इंग्रजी-फ्रेंचमधून. जयपूरजवळच्या गलत्याला जाऊन आला, तर माकडांवरून आणि व्याकरण जाणणाऱ्या हनुमंतावरून सबंध पुस्तक झालं. अप्रतिम आहे, पण गलत्याची माणसं त्यात वाटेवरची आहेत, नजरेला पडली आणि गेली."

"राजदूत तो. त्याने काय करायला हवं होतं, चाळीत खोली घ्यायची?"

"नाही, तसं नाही. उलट चित्रकारांच्या बाबतीत तो फाटक उघडून बाहेर आला होता. 1963 साली दिल्लीत 'ग्रुप 1890' म्हणून काही पोरांनी प्रदर्शन भरवलं. स्वामिनाथन पुढारी. त्यात आपल्या अकोल्याचे अंबादास खोब्रागडे होते, ते पुढे नॉर्वेत जाऊन स्थायिक झाले. या पोरांना तेव्हा कोण विचारत होतं? त्यांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेचा लेख पाझने लिहिला. मेक्सिकोत त्याच्याकडेही हाच झगडा होता ना, युरोपची नक्कल करायची की जुनी नक्षी कुरवाळत बसायची. म्हणून या पोरांचं दुखणं त्याला लगेच कळलं. पण चित्र बघायला भाषा लागत नाही. कविता बघायला लागते. तो 1968 साली गेला आणि चारच वर्षांनी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. जातीबद्दल जे या पुस्तकात आहे ते पाझच्या शेल्फातल्या कुठल्या ग्रंथात असणार? ते घडत होतं त्याच मुंबईत, जिथे तो ताजमध्ये उतरायचा."

"तुझं म्हणणं काय मग? बाहेरच्याने लिहूच नये?"

"लिहावं! हजारदा लिहावं. मी एवढंच म्हणते की कवी किती वर्षं राहिला हे मोजून उपयोग नाही. तो स्वतःच्या घरून काय घेऊन आला आणि इथे कुठल्या दाराने शिरला, ते बघायचं. नेरुदा रिकामा आला आणि मागच्या दाराने शिरला. स्वतःलाच बघत बसला. पाझ मेक्सिकोचं ओझं घेऊन आला आणि पुढच्या दाराने शिरला. दिवाणखाना फार बारकाईने बघितला, न्हाणीघराकडे वळला नाही. तरी दोघांत मी पाझलाच झुकतं माप देईन. तो आपल्याकडे बघताना आधी आपल्या घरातली पडझड आठवतो. उंचावरून बोलत नाही."

"आपल्यातलं कोण गेलं असं बाहेर?"

"दिलीप चित्रे साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथिओपियात शिक्षक होते. पुढे अमेरिकेत आयोवालाही होते. पण एवढं फिरून त्यांचं मोठं काम काय, तर तुकारामबुवा इंग्रजीत नेले. 1991 साली ते पुस्तक आलं. काही माणसं बाहेर जाऊन बाहेरचं बघतात, काहींना तिथून घरचं दिसतं."

"आमच्या धाकटीने तिकडे जाऊन गौरी बसवायला सुरुवात केली. इथे होती तेव्हा फुलोऱ्यालासुद्धा हात लावायची नाही."

"तेच ते."

"बरं, त्या कडुनिंबवाल्याचं पुढे काय झालं? गेला कसा?"

"तेच सांगायचं राहिलं. ऑक्टोबर 1968. मेक्सिकोत ऑलिंपिक भरायला दहा दिवस होते. विद्यार्थी चौकात जमले होते, त्लातेलोल्कोला, आणि त्यांच्यावर सरकारने गोळीबार केला. किती मेले ते आजही धड सांगत नाहीत. याने दिल्लीत बातमी ऐकली आणि राजदूतपद सोडलं."

"सोडलं? त्या बंगल्यासकट?"

"बंगला, मोटार, मांजरं सगळं. ज्या सरकारचं मीठ खायचं त्याच्या तोंडावर. इंदिराबाई पंतप्रधान होत्या, त्यांना उघड निरोप देता येईना, दुसऱ्या देशाचा मामला. तर त्यांनी घरी जेवायला बोलावलं. राजीव, सोनिया, मोजकी मित्रमंडळी. मग हे दोघं रेल्वेने मुंबईला निघाले."

"हे आवडलं हं मला. लग्नापेक्षा हे सांगायचंस आधी."

"तुम्ही 'मुलगी कुठली' विचारलंत ना! तर मुंबईत बोट पकडायच्या आधी एक दिवस मोकळा होता. रविवार. दोघं कुठे गेले असतील?"

"राणीच्या बागेत?"

"घारापुरीला! पहिल्यांदा आला होता तेव्हाही पाहिलं होतं. आता नोकरी नाही, घर नाही, देशात परत जायची सोय नाही, आणि हा माणूस कुठल्याच देवाला न मानणारा. त्याने तिथे शिव-पार्वतीसमोर उभं राहून कविता केली, निरोपाची. पण कवितेचा पहिला भाग निव्वळ वैताग आहे. लोक सहलीला आलेत, मूर्तींच्या पायाशी खरकटं टाकलंय, कावळे आणि कुत्री तुटून पडलीत!"

"तेव्हाही?"

"तेव्हाही. आधी कचऱ्याला शिव्या, मग देवाला नमस्कार. मला तर वाटतं, सगळ्या पुस्तकांत हा माणूस अगदी आपल्यातला झाला असेल तर त्या रविवारी. पर्यटक नुसता नमस्कार करून गेला असता."

"आणि साहेब नुसत्या शिव्या देऊन. तिथल्या त्या तीन तोंडांच्या मूर्तीसमोर मीही गेले होते, लग्न झाल्यावर. ह्यांनी फोटो काढला त्यात देवाचं निम्मं तोंड आणि माझा पदर. पुन्हा जायला हवं गं."

"चला की. मांडव्याहून गेटवेला, तिथून घारापुरीची लाँच, तासाभराचा रस्ता. पुस्तक मी घेते, डबा तुम्ही घ्या. खरकटं परत आणायचं, कवी लोक लिहून ठेवतात. येत्या सुट्टीत, कुठलाही दिवस सांगा, फक्त सोमवार नको. सोमवारी लेणी बंद असतात."